आमचे भासरे गाडी हळू चालवतात

आमच्या घरात नवऱ्याच्या थोरल्या भावाला अजून भासरे म्हणतात. पुण्याकडचे पाहुणे हा शब्द ऐकून हसतात. हसोत बापडे. मराठ्यांच्या चाकरीत आमचे पूर्वज नागपूरहून जबलपूरला आले, येताना जे शब्द गाठोड्यात होते ते तसेच ठेवले, आणि बाकी सगळ्याची हिंदी होऊ दिली. तर हे माझे भासरे. निवृत्त सरकारी वकील, आवाज खर्जातला, मिशी अजून काळी कशी ते विचारू नये. आमचे हे गेले तेव्हा पेन्शनपासून घराच्या कागदांपर्यंत सगळी धावपळ ह्याच माणसानं केली, आणि एका शब्दानं कधी बोलून दाखवलं नाही. एकाच अंगणात आमची दोन घरं आहेत. त्यामुळे त्यांच्याबद्दल मी जे काही लिहीन ते घरातल्या माणसाबद्दल आहे, हे आधीच सांगून ठेवते.

भासऱ्यांबद्दल आमच्या पूर्ण कॉलनीचं एका गोष्टीवर एकमत होतं. वकीलसाहेब गाडी हळू चालवतात. हळू म्हणजे किती, तर कांचघरच्या बाजारात भर रस्त्यात बसलेली गाय ह्यांची गाडी येताना बघायची आणि उठायची नाही. तिला माहीत असायचं, अजून रवंथ होऊन जाईल.

आणि हळू चालवण्याचं कारणही कॉलनीला माहीत होतं. घेतलेली असायची. रोज नाही हो, रोज घेणाऱ्यांतले ते नव्हेत. लग्न, मुंज, बारसं, साठीशांत, वास्तुशांत, मंडळाचं स्नेहसंमेलन, कुणाचा मुलगा बँकेत लागला, कुणाची बदली रद्द झाली, एवढ्यापुरतंच. नर्मदेच्या काठी राहून आमच्या पुरुषांचं तीर्थ वेगळंच आहे. पुढच्या अंगणात सत्यनारायणाचा प्रसाद वाटला जात असतो आणि मागे, पंपाच्या खोलीपाशी, स्टीलच्या पेल्यांतून दुसरा प्रसाद चालू असतो. स्टीलचे पेले अशासाठी, की बायकांना कळू नये. बायका तीस वर्षांपासून कळून घेऊन राहिल्या आहेत, पण पेले अजून स्टीलचेच.

एकदा असंच तीर्थ घेऊन येताना भासऱ्यांनी रेल्वेच्या पुलाखालच्या भिंतीला गाडी घासली. कुणाला लागलं नाही. पण घरात बैठक बसली. आता तुम्हाला वाटेल, बैठकीत ठरलं असेल की घेतली तर चालवायची नाही, किंवा चालवायची तर घ्यायची नाही. छे! आमच्या घरात असे टोकाचे निर्णय होत नसतात. ठरलं असं, की जाऊबाईंनी शेजारी बसायचं आणि रस्ता सांगायचा.

जाऊबाई म्हणजे भासऱ्यांची बायको, माझी थोरली जाऊ. त्यांना गाडी चालवता येत नाही, सायकलसुद्धा कधी हातात धरली नाही. पण त्या दिवसापासून त्या डाव्या सीटवर बसून गाडी चालवू लागल्या. "डावीकडे हातठेला. पुढे ब्रेकर. सिग्नल लाल आहे. अहो, लाल म्हटलं ना! हिरवा झाला, चला. कुत्रं आहे, कुत्रं गेलं." एका सुरात, देवाची नावं घेतल्यासारखं. आणि भासरे त्या सुरावर गाडी हाकायचे. आमच्यातल्या सगळ्या बायकांना ह्याचं फार कौतुक. दुसऱ्या दोघीतिघींनी आपल्या घरीही ही पद्धत सुरू केली. मंडळाच्या जेवणावळीनंतर गाड्या सुटायच्या तेव्हा प्रत्येक गाडीच्या डाव्या खिडकीतून एकेक बाई गाय-ब्रेकर-सिग्नल म्हणत निघालेली असायची. लोक म्हणायचे, पाहा, मराठी लोक किती समंजस. आपल्या बायकोचं ऐकतात.

मागच्या पावसाळ्यात जाऊबाई मला म्हणाल्या, "चल गं, डोळ्याच्या डॉक्टरकडे जाऊ. ह्यांना सांगू नको." आम्ही रिक्षानं गेलो. डॉक्टरांनी थेंब टाकले, डोळ्यांत उजेड पाडून बघितलं, आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग खराब होत चालला आहे. कडेचं दिसेल, मधलं जाईल. सुया घ्याव्या लागतील डोळ्यात, त्यानं थांबलं तर थांबेल. गेलेलं परत येत नाही.

रिक्षात मला रडू येत होतं. जाऊबाई मात्र माझ्याकडे मान तिरपी करून बघत होत्या. म्हणाल्या, "सरळ बघितलं तर तुझे दोन कान दिसतात, तोंड दिसत नाही. बरंच आहे म्हणा. तसंही तू फार बोलते."

"ताई, दादांना सांगायला पाहिजे," मी म्हटलं.

"काहून?"

"काहून म्हणजे? तुम्ही त्यांना रस्ता सांगता!"

"म्हणूनच नाही सांगायचं." त्यांनी पदरानं डोळ्यांतून ओघळलेले थेंब टिपले. "मी सांगितलं, तर ते म्हणतील तू घरी बस, आराम कर. आणि एकटे जातील. त्यांची घ्यायची सुटणार नाही, गाडी सुटणार नाही, मीच तेवढी सुटेन. एकटे गेले आणि कुठं काही झालं तर मी काय करू गं?"

शपथ घातली मला. जाऊबाईंची शपथ मोडायची माझी छाती नाही. पण मी एक अट घातली, की गाडीत मी मागे बसणार, त्यांच्या पाठीशी, आणि मी नसेन त्या दिवशी त्यांनीही जायचं नाही, काहीही कारण सांगून जाणं टाळायचं. त्या हो म्हणाल्या.

मग आमची नवीन पद्धत सुरू झाली. डावीकडे काही असलं की मी मागून त्यांचा डावा खांदा दाबायची, उजवीकडे असलं की उजवा. ब्रेकर आला की मानेपाशी टिचकी. दोन्ही खांदे धरले की थांबा. मी दाबायची, त्या बोलायच्या, भासरे चालवायचे. एका गाडीला तीन ड्रायव्हर, त्यातला एक प्यालेला, एक न दिसणारी, आणि एक मागच्या सीटवर जिला स्कूटीपलीकडे काही येत नाही. आणि इतकं छान जमलं म्हणता! एक दिवस भासरे आरशातून माझ्याकडे बघत म्हणाले, "पाहिलं? साठी उलटली पण तुझ्या जावेची नजर तेजच होत चालली आहे." मला त्या क्षणी त्यांच्या डोक्यात पर्स घालावीशी वाटली. पर्समध्ये जाऊबाईंच्या डोळ्याचे थेंब होते.

ह्याच दिवसांत शहराला रेसचं वेड लागलं. म्हणजे वेड पोरांना लागलं आणि शहराला ताप चढला. रविवारी सकाळ-संध्याकाळ तिलवाऱ्याकडच्या रुंद रस्त्यावर ही कार्टी मोटारसायकली घेऊन जमायची, सायलेन्सर काढून टाकलेले, गाडी सुटली की बंदूक उडाल्यासारखा आवाज. मी त्या पोरांची वकिली करून राहिले नाही. सकाळी फिरायला जाणाऱ्या म्हाताऱ्यांचे जीव घशाशी यायचे, माझा स्वतःचा एकदा आला होता. पकडून दोन थोबाडीत द्याव्यात आणि आईच्या ताब्यात द्यावीत, असंच माझं मत होतं आणि आहे.

पण कॉलनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जे चालायचं ते बघण्यासारखं असायचं. रेसचा व्हिडिओ आला की लोक खवळायचे. "कोड़े लगाओ." "लायसन्स जन्मभरासाठी रद्द करा." "आजकाल के माँ-बाप!" एका निवृत्त प्राचार्यांनी तर फाशीपर्यंत मजल नेली, मग बायकोनं समजावल्यावर जन्मठेपेवर आले. आणि त्याच ग्रुपवर, त्याच आठवड्यात, दुसरा एक व्हिडिओ आला. एक गृहस्थ सिग्नलला स्टिअरिंगवर डोकं ठेवून झोपलेला, सिग्नल हिरवा होतो, लाल होतो, पुन्हा हिरवा होतो, आणि मागच्या गाड्या आरडाओरडा करतात. त्याच्या खाली हसून लोळणाऱ्या तोंडांची रांग. "काय बड्डे, कहाँ से आ रहे हो!" बड्डे म्हणजे आमच्या जबलपूरचा दादा, भाऊ. प्राचार्यांनीही हसणारं तोंड टाकलं होतं.

भासरे रेसविरोधी आंदोलनाचे अध्यक्ष झाले. दुसरं कोण होणार? वकील, ज्येष्ठ नागरिक, आणि गाडी हळू चालवणारे. गणपतीच्या हॉलमध्ये सभा झाली तेव्हा खर्जातल्या आवाजात म्हणाले, "असली नशा शराब में नहीं, रफ्तार में होता है!" काय टाळ्या पडल्या! दुसऱ्या दिवशी पेपरात फोटोसकट ते वाक्य छापून आलं. जाऊबाईंनी मला ते वाचून दाखवायला सांगितलं. मी वाचलं. त्या म्हणाल्या, "पुन्हा वाच." मी पुन्हा वाचलं. मग दोघी इतक्या हसलो की कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या आणि डाळीचा लगदा झाला.

मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं आहे, त्यामुळे कायद्याचं पुस्तक दिसलं की मला प्रश्न पडतात. भासरे पोलिसांकडे द्यायचा अर्ज तयार करत व्हरांड्यात बसले होते. जाऊबाई मटार सोलत होत्या, बोटांना डोळे लागत नाहीत त्या कामाला. मी विचारलं, "दादा, रेस लावली तर काय शिक्षा असते हो?"

त्यांनी कलम वाचून दाखवलं. दंड, कैद, दुसऱ्यांदा सापडला तर आणखी.

"आणि पिऊन चालवली तर?"

पान उलटायची गरजच नव्हती. दोन्ही कलमं चारपाच घरं सोडून राहणाऱ्या शेजाऱ्यांसारखी आहेत. "ते पण आहे," भासरे म्हणाले.

"जास्त की कमी?"

त्यांनी चष्मा पुसला. "जास्त."

"म्हणजे कायद्याला दारूचा राग जास्त आहे?"

"धाकटे, तू मास्तरीण आहेस. कायदा नुसता वाचायचा नसतो, त्यामागचा हेतू बघायचा असतो. कायद्याचा राग बेदरकार माणसावर आहे. आयुष्यभर बघितलंय मी. दारूची केस म्हणजे काय, माणूस मान खाली घालून येतो, दंड भरतो, घरी जातो. पेपरवालासुद्धा बसत नाही त्या कोर्टात. का? कारण त्यात दुष्टपणा नसतो. रेसवाला मुद्दाम करतो. आता मला सांग, मी बेदरकार आहे का?"

जाऊबाई मटारातून मान वर न करता म्हणाल्या, "नाही बाई. तुम्हाला तर फार दरकार असते. सोड्याची असते, बर्फाची असते, खारे दाणे मऊ तर पडले नाहीत ना ह्याची असते."

भासरे हसले. हसतात, तो त्यांचा गुण आहे. स्वतःवरचा विनोद त्यांना इतका आवडतो, की त्यातलं खरं काय ते ऐकायचं राहून जातं. मला राग येतो तो ह्याचाच. भांडकुदळ माणूस परवडला, त्याच्याशी भांडता तरी येतं.

संक्रांत होऊन गेल्यावर भासऱ्यांच्या चुलतभावाच्या नव्या फार्महाउसची वास्तुशांत निघाली. तिलवाऱ्याचा पूल ओलांडून नागपूर रस्त्यावर, आत. रोडगे भाजले होते, वांग्याचं भरीत, वरण, आणि शहरातून मागवलेली खोव्याची जिलबी. पुढे होम चालू, मागे पंपाच्या खोलीपाशी स्टीलचे पेले. पाच वाजता भासऱ्यांची रस्ता-सुरक्षेची मीटिंग होती, म्हणून आम्हाला लवकर निघायचं होतं. ते चालत आले ते इतक्या सावकाश आणि इतक्या सरळ, की मी समजले. सरळ चालण्याकडे लक्ष द्यावं लागलं की माणूस असा चालतो.

"दादा," मी म्हटलं, "इथलं कुणीतरी सोडून देईल ना आपल्याला. किंवा टॅक्सी बोलावू."

"टॅक्सी? चांगली गाडी असताना? लोक काय म्हणतील? आणि मी काय रेस लावून राहिलो आहे का?"

जाऊबाई तोवर डाव्या सीटवर बसल्याही होत्या. मी खिडकीशी वाकून हळूच म्हटलं, "ताई, उतरा. आज जास्त आहे." त्या म्हणाल्या, "म्हणूनच बसले. तू बस मागे." त्यांच्या मांडीवर जिलबीचा डबा होता आणि तो त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. मी बसले. दुसरं काय करणार होते?

हायवेपर्यंत ठीक आलो. मी दाबत होते, त्या बोलत होत्या. पुलावर चढलो तशी टायरांची लय बदलली, वारा लागला, आणि जाऊबाईंनी नर्मदेला हात जोडले. भासऱ्यांनीही जोडले. दोन्ही. एका हातानं केलेला नमस्कार मैयाला पोचत नाही असा त्यांचा समज आहे, आणि शुद्धीत असताना ते त्यासाठी गाडी कडेला घेतात. त्या दिवशी घेतली नाही. मी जाऊबाईंचे दोन्ही खांदे धरून ओढले. "थांबा! अहो थांबा, थांबा!" त्या ओरडल्या. भासऱ्यांनी स्टिअरिंग धरलं, कठड्याकडे निघालेली गाडी वळवली आणि म्हणाले, "नर्मदे हर! घाबरता काय, मैया आहे ना." त्यांची श्रद्धा मोठी होती, पण कठडा आमच्या बाजूला होता.

पूल संपला. मी क्षणभर पर्समध्ये पाण्याची बाटली शोधायला खाली वाकले असेन, वर बघते तो समोर सायकल. एक म्हातारा, कॅरिअरवर झेंडूच्या फुलांची टोपली बांधलेली, बहुतेक घाटावर निघालेला. खांदे दाबायला वेळच नव्हता. मी माझ्या स्वतःच्या तोंडानं किंचाळले, "दादा!"

ब्रेक लागला. सायकल तिरपी झाली, म्हाताऱ्याचा पाय जमिनीला टेकला, फुलं रस्त्यावर सांडली. तो पडला नाही. त्यानं आमच्याकडे बघितलं आणि एवढंच म्हणाला, "देख के चलो, भैया." मग वाकून फुलं गोळा करू लागला. मी उतरून त्याला हात लावू लागले तर म्हणाला, रहने दो बाई, धूल लग गई, अब चढ़ेंगे नहीं.

मी परत गाडीत बसले तेव्हा भासरे सांगत होते, "पाहिलंत? म्हणूनच म्हणतो, वेग महत्त्वाचा. ह्या जागी त्या पोरांपैकी कुणी असता तर म्हातारा गेला असता. हळू चालवत होतो म्हणून वाचला."

जाऊबाईंनी मान मागे वळवून मला विचारलं, "कोण होतं गं?"

"सायकलवाला. म्हातारा."

"कुठं होता?"

"अगदी समोर, ताई."

"मला नाही दिसला," त्या म्हणाल्या.

"तुला काय दिसणार?" भासरे हसत म्हणाले. "तुझं लक्ष जिलबीत."

जाऊबाईंचे डब्यावरचे हात सुटले होते. पुढच्या वळणापर्यंत मी खांदे दाबत राहिले आणि त्या गप्प राहिल्या. त्या बैठकीनंतर पहिल्यांदा त्या गाडीत रस्ता कुणी सांगत नव्हतं, आणि भासऱ्यांच्या ते ध्यानातही आलं नाही, कारण ते पाच वाजताचं भाषण पाठ करत होते.

पुढे बॅरिकेड लागले होते. पोलिसांची मोठी तपासणी. रेसवाल्या पोरांना धरलं होतं, रस्त्याच्या कडेला रांगेत उभं केलेलं, मोटारसायकली ट्रकवर चढवणं चालू होतं, आणि मोबाइल उंच धरलेले लोक सगळीकडून चित्रण करत होते. एक शिपाई पोरांच्या तोंडाशी ते फुंकायचं मशीन धरत होता. पोरं फुंकत होती. एकाच्याही फुंकरीनं ते बोंबललं नाही. चोख निघाली मेली सगळी.

आमची गाडी थांबली. एक तरुण शिपाई भासऱ्यांच्या खिडकीशी आला आणि त्याचा चेहरा उजळला. "अरे, वकील साहब! ये सब आप ही के आवेदन पर तो हुआ है, सर." भासऱ्यांनी मान डोलावली. तोंड फार उघडलं नाही, तेवढी अक्कल शाबूत होती. पण वास काय तोंड उघडायची वाट बघतो? शिपायाच्या नाकाला तो कळला, हे मला त्याच्या डोळ्यांत दिसलं. तो किंचित मागे सरकला, हसला, आणि गंमत म्हणून पलीकडे वाकून जाऊबाईंना म्हणाला, "काय माताजी, साहब ने ली तो नहीं है?"

ह्या प्रश्नाचं उत्तर आमच्या घरातल्या सगळ्या बायकांना पाठ आहे. हसायचं आणि म्हणायचं, कैसी बात करते हो भैया.

जाऊबाई म्हणाल्या, "ली है. बहुत ली है. और रास्ता मैं बताती हूँ, मुझे दिखता नहीं."

भासऱ्यांचा हात गिअरवर थिजला. शिपाई एक क्षण गोंधळला, आणि मग मोकळं हसला. "माताजी मज़ाक अच्छा करती हैं! जाइए सर, जाइए, आपकी मीटिंग है न." आणि त्यानं स्वतःच्या हातानं बॅरिकेड बाजूला ओढलं. रांगेतली पोरं बघत होती.

जाऊबाईंनी दार उघडलं आणि त्या खाली उतरल्या. जिलबीचा डबा सीटवर तसाच. मीही धावत उतरले. बोनेटवर हात ठेवून, त्याच्या कडेकडेनं, त्या गाडीच्या पुढून पलीकडे चालत गेल्या.

"माताजी, बैठिए ना," शिपाई म्हणाला. "जाने दिया है."

"तुमने जाने दिया है," जाऊबाई म्हणाल्या. "मैंने नहीं दिया."

मग त्या भासऱ्यांच्या खिडकीशी उभ्या राहिल्या आणि तळहात पुढे केला. "चावी द्या."

"अगं, लोक बघून राहिले आहेत," भासरे दबक्या आवाजात म्हणाले.

"बघू द्या. चावी द्या."

त्यांनी गाडी बंद केली. चावी काढून खिडकीतून बाहेर धरली, जरा रागानंच. जाऊबाईंचा हात तिथं नव्हता. वीतभर बाजूला, आरशापाशी, उघडा तळहात चावीची वाट बघत थांबला होता. भासऱ्यांना वाटलं रुसल्यात, म्हणून त्यांनी चावी हलवली. किणकिण झाली तसा तो हात आवाजाकडे वळला आणि चाचपडत चाचपडत खिडकीच्या काचेवर आपटला.

भासरे बघत राहिले. त्यांच्या तोंडावरचा सगळा राग, सगळी वकिली कुठल्या कुठं गेली. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"पावसाळ्यापासून."

"मग रस्ता कोण सांगत होतं?"

"ही मागून खांदा दाबायची, मी बोलायची."

"आणि ही नसायची तेव्हा?"

मला वाटलं त्या म्हणतील, तेव्हा मी यायचेच नाही. तसंच ठरलं होतं आमचं. पण जाऊबाईंची मान खाली गेली.

"तेव्हा आठवून सांगायची," त्या म्हणाल्या. "इथं ब्रेकर आहे, इथं सिग्नल आहे. माणसं कुठं असतील ते देवाच्या हवाली."

 भासरे दार उघडून उतरले. त्यांना नीट उभं राहता येईना, तरी त्यांनी जाऊबाईंचा तो काचेवर आपटलेला हात दोन्ही हातांत धरला. मग त्यांनी शिपायाला हाक मारली. बॅरिकेड तसाच हातात धरून तो जवळ आला.

"मशीन इधर लाओ, भैया," भासरे म्हणाले.

"अरे सर, आप क्यों..."

"लाओ."

शिपायानं मागे वळून आपल्या इन्स्पेक्टर साहेबांकडे बघितलं. साहेबांनी पोरांकडे बघितलं, पोरं आमच्याकडे बघत होती, आणि मोबाइल उंच धरलेल्या लोकांनी मोबाइल खाली घेतले होते. शेवटी शिपायानं मशीन पुढे केलं. जाऊबाईंनी मला विचारलं, "काय होऊन राहिलं गं?" मी त्यांना सांगितलं, दादा फुंकून राहिले आहेत.